सणासुदीच्या मंदीत ऑनलाइन लिलाव कसा चालवावा : सीमाभागातील लहान विक्रेत्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सण म्हणजे विक्रीचा हंगाम, हे कापड, मिठाई, दागिने आणि मोबाइल विकणाऱ्यांच्या बाबतीत खरे आहे. जुनी टपाल तिकिटे, शिक्का उमटलेली पाकिटे, काडेपेट्यांची आणि विडीच्या कट्ट्यांवरची लेबले, जुने दिवाळी अंक, पितळी अडकित्ते, शाईची पेने अशा वस्तू ऑनलाइन लिलावात मांडणाऱ्यांना मात्र नेमक्या याच दिवसांत उलटा अनुभव येतो. घरात पाहुणे, बाजारात गर्दी, आणि आपल्या लॉटवर, म्हणजे लिलावात एकत्र मांडलेल्या वस्तू किंवा वस्तूंच्या गटावर, बोली नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात घरबसल्या हा व्यवसाय करणाऱ्यांची संख्या बरीच आहे, आणि त्यांतील बहुतेकांचे भांडवल तुटपुंजे असल्यामुळे दीड-दोन महिन्यांची मंदीही त्यांना जड जाते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आरंभीच एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा सल्ला तिच्यावर उभा आहे. दुकानात किंमत दुकानदार ठरवतो. लिलावात ती दुसरा बोलीदार ठरवतो. समजा, बेळगावच्या शिक्क्यांच्या पाकिटांचा एक लॉट तुम्ही ईबे या परदेशी विक्री-लिलावाच्या संकेतस्थळावर मांडला. एका संग्राहकाची ४० डॉलरपर्यंत जाण्याची तयारी आहे आणि त्याने तेवढी कमाल बोली नोंदवून ठेवली आहे; त्याच्याखालचा दुसरा इच्छुक १२ डॉलरवर थांबतो. ईबेवर ५ ते २५ डॉलरच्या टप्प्यात बोली अर्ध्या डॉलरने वाढते, त्यामुळे हा लॉट साडेबारा डॉलरला जाईल. चाळीस डॉलर देणारा गिऱ्हाईक समोर असूनही तुमच्या हाती साडेबाराच येतील. सणासुदीत गिऱ्हाईक अगदीच नाहीसा होत नाही. नाहीसा होतो तो हा दुसरा बोलीदार. कोल्हापूरच्या गुळाच्या सौद्यात व्यापारी कमी आले की उत्तम प्रतीच्या गुळाचाही दर पडतो, तशीच ही गोष्ट आहे. म्हणून मंदीत लिलाव सरसकट बंद करण्याचे कारण नाही, पण लिलावात काय टाकायचे आणि काय मागे ठेवायचे, हे मात्र बदलावेच लागते.

पहिली पायरी : मंदी बाजाराची आहे की आपल्या मांडणीची, हे तपासावे

विक्री घटली की पहिली कुऱ्हाड किमतीवर पडते. त्याआधी एक संध्याकाळ आकड्यांना द्यावी. ईबेवर विकले गेलेले लॉट वेगळे गाळून पाहता येतात, आणि विक्रेत्यांच्या सेलर हबमध्ये टेरापीक नावाचे संशोधनाचे साधन आहे, त्यात आपल्यासारखी वस्तू मागे कोणत्या महिन्यात, किती किमतीला आणि लिलावात की ठरलेल्या किमतीत विकली गेली, ते दिसते. गेल्या वर्षीच्या याच आठवड्यांत इतरांचे तसेच लॉट विकले गेले असतील आणि यंदाही जात असतील, तर दोष हंगामाचा नाही. सगळ्यांचेच अडले असेल, तर निदान स्वतःच्या मालावरचा विश्वास तरी शाबूत राहतो.

यानंतर प्रत्येक लॉटचे तीन आकडे शेजारी शेजारी लिहावेत : किती जणांनी पाहिले, किती जणांनी लक्ष ठेवण्यासाठी नोंदवले, आणि किती जणांनी बोली लावली. पाहणारेच कमी असतील, तर शीर्षक किंवा वर्गवारी चुकली आहे. ईबेच्या शीर्षकाला ८० अक्षरे मिळतात आणि ती सगळी वापरावीत. बेळगावचे इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी Belgaum वरून Belagavi असे अधिकृतपणे बदलले. परदेशातला जुना संग्राहक मात्र आजही ब्रिटिशकालीन स्पेलिंगनेच शोध घेतो, कारण त्याच्याजवळच्या पाकिटांवरचा शिक्का तसाच आहे. म्हणून शीर्षकात दोन्ही स्पेलिंगे असावीत. पाहणारे पुष्कळ पण लक्ष ठेवणारे नाहीत, अशी स्थिती असेल तर छायाचित्रे पुरेशी नाहीत असे समजावे. लक्ष ठेवणारे पुष्कळ पण बोली नाही, ही सर्वांत आशादायक स्थिती होय. लोकांना वस्तू हवी आहे, पण आरंभीची किंमत, टपालखर्च किंवा लिलाव संपण्याची वेळ त्यांना अडवते आहे. यांपैकी काय अडते आहे हे कळण्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून तोच लॉट पुन्हा मांडावा.

अमेरिकेच्या गिऱ्हाइकांबाबत आणखी एक कारण लक्षात घ्यावे लागते. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी आयातशुल्काची माफी त्या देशाने २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्याच सुमारास आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले स्वीकारणे थांबवले होते आणि ते ऑक्टोबरच्या मध्यापासून पुन्हा सुरू केले. ज्याची निम्मी विक्री अमेरिकेत होती त्याला त्या वर्षीचे आकडे विचित्र दिसणारच. त्यांच्यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधू नये.

दुसरी पायरी : दोन पंचांगे मांडावीत

ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचे भारतातील संकेतस्थळ बंद झाल्यापासून आपल्याकडच्या लहान विक्रेत्याचे दोन बाजार झाले आहेत : परदेशी गिऱ्हाइकांसाठी ईबे, आणि देशातल्या गिऱ्हाइकांसाठी व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवरचे लिलावाचे ग्रुप. या दोन बाजारांची मंदी एकाच वेळी येत नाही, आणि लहान विक्रेत्याला यातच मोठा आधार आहे.

देशातला बाजार पितृपक्षात मंदावतो, नवरात्रात थोडा हलतो आणि दिवाळीच्या आधी पुन्हा थंडावतो, कारण बोनसचा पैसा कपड्यांवर आणि घरावर जातो. आपल्या पट्ट्यात त्याला उसाचा पदर आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावे, अशी तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. प्रत्यक्षात बिल केव्हा जमा होते यावर चिकोडी, अथणी, हुक्केरी भागांतल्या गिऱ्हाइकांची बोली अवलंबून असते. शेतकरी घरातला संग्राहक ऑक्टोबरमध्ये गप्प असेल, तर त्याची हौस संपली असे मानू नये. बिल जमा झाले की तोच माणूस स्वतःहून विचारणा करतो.

परदेशातला बाजार नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगपासून ख्रिसमसपर्यंत भेटवस्तूंच्या मागे असतो. भेट घेणाऱ्याला वस्तू ठरलेल्या दिवशी हातात हवी असते. सात दिवस बोली लावून वाट पाहणे आणि वर बेळगावहून येणाऱ्या टपालाची वाट पाहणे त्याला परवडत नाही. म्हणून ख्रिसमसच्या भेटीसाठी आपला माल विकला जावा असे वाटत असेल, तर तो नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आणि तोही ठरलेल्या किमतीत, विकला गेला पाहिजे. डिसेंबर त्या गिऱ्हाइकापुरता संपलेला समजावा. खरा संग्राहक ख्रिसमसनंतर, हातात सुट्टी आणि भेट मिळालेले पैसे घेऊन, पुन्हा शोधायला बसतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ लिलावासाठी चांगला असतो.

भिंतीवरच्या एकाच दिनदर्शिकेवर हे दोन्ही काळ दोन रंगांत रंगवावेत. जिथे एक रंग फिका आहे तिथे दुसऱ्या बाजाराकडे वळावे. नोव्हेंबर-डिसेंबरचे आपल्याकडचे अडथळेही तिथेच लिहून ठेवावेत. १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या सुमारास किंवा डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन असताना सीमाप्रश्नावरून वातावरण तापले, तर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबतात. बसने पार्सल पाठवणाऱ्यांनी त्या आठवड्यात पोहोचवण्याचा दिवस कोणालाही कबूल करू नये, स्पीड पोस्टचाच आधार घ्यावा.

तिसरी पायरी : मालाची फेरवाटणी करावी

हे काम या लेखातले सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी सगळा माल एकदा खाली काढून पाहावा लागतो.

ज्या वस्तूला एक-दोनच ठरावीक गिऱ्हाईक आहेत, पण ते मोठी किंमत देतील, अशी वस्तू मंदीत लिलावात टाकू नये. दुर्मीळ गावशिक्क्याचे पाकीट, एखाद्या बंद पडलेल्या विडी कारखान्याच्या लेबलांचा पूर्ण संच, उत्तम स्थितीतला जुना दिवाळी अंक, या गोष्टींना दुसरा बोलीदार मिळण्याची शक्यता मुळातच कमी असते आणि सणात ती आणखी घटते. अशी वस्तू ठरलेल्या किमतीत मांडावी आणि गिऱ्हाइकाला आपला प्रस्ताव देण्याची सोय खुली ठेवावी. ती महिनाभर तशीच राहिली तरी बिघडत नाही. कागद कोरड्या जागी ठेवला तर तो नासत नाही.

ज्या वस्तू अनेकांना थोड्या थोड्या हव्या असतात, त्यांचा लिलाव मंदीतही चालतो : मिश्र तिकिटांची पाकिटे, काडेपेट्यांची शंभरेक लेबले, एकाच दशकातली पोस्टकार्डे. यांची आरंभीची किंमत कमी ठेवावी, कारण पहिली बोली पडली की दुसरी पडण्याचा धीर लोकांना येतो. या लॉटांतून फार नफा होणार नाही. त्यांचे काम घरखर्चाला पैसा मोकळा करणे आणि आपले नाव गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर ठेवणे हे आहे. ज्याने तिकिटांचे शंभर रुपयांचे पाकीट घेतले, तो तुमची बाकीची यादीही पाहतो.

नव्याने तयार होणारा माल मात्र लिलावात मुळीच टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अथणी आणि निपाणी भागांत बनणाऱ्या कोल्हापुरी चपला, शहापूर-वडगावच्या मागावरची साडी, खानापूरची मातीची भांडी, गोकाकची लाकडी फळे आणि खेळणी हा माल पुन्हा बनवता येतो. त्याची मजुरी ठरलेली असते आणि ती कारागिराला द्यावीच लागते. लिलावात तो पडेल भावाने गेला तर तोटा शेवटी कारागिराच्या अंगावर ढकलला जातो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो पडेल भावच खरा वाटू लागतो. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजयपूर या चार जिल्ह्यांना मिळून आहे. अथणीच्या कारागिराकडून घेतलेला जोड विकताना ही माहिती वर्णनात अवश्य द्यावी, तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी, आणि किंमत ठरलेली ठेवावी. सणाच्या भेटींचा गिऱ्हाईक या मालाकडे येतो, त्यामुळे लिलाव थंड असतानाच हा कप्पा चालतो.

चौथी पायरी : प्रत्येक लॉटची तळकिंमत काढावी

मंदीत सर्वांत जास्त नुकसान होते ते न कळता तोट्यात विकल्यामुळे. हिशोब साधा आहे, पण त्यात एक खाच आहे : ईबेचे विक्रीशुल्क वस्तूच्या किमतीवर आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या टपालखर्चावर, दोन्ही मिळून लागते. समजा, एक लॉट ४०० रुपयांना घेतला, बांधणीला ३० रुपये लागले, टपालाचे ५०० रुपये गिऱ्हाइकाकडून वेगळे घेतले, आणि सगळी शुल्के व चलन बदलताना होणारी कपात मिळून १५ टक्के गेले. हाती ९३० रुपये यायला हवेत, म्हणजे गिऱ्हाइकाने एकूण सुमारे १,०९४ रुपये द्यायला हवेत, आणि त्यातून टपालाचे ५०० वजा करता वस्तूची तळकिंमत सुमारे ५९४ रुपये येते. टपालावरचे शुल्क विसरणारा माणूस हीच किंमत ५०६ धरतो आणि प्रत्येक विक्रीमागे सुमारे ७५ रुपये गमावतो. शिवाय यात स्वतःच्या श्रमाचा एक रुपयाही धरलेला नाही.

ही तळकिंमत पेन्सिलीने लॉटच्या पाकिटावर लिहून ठेवावी. मंदीत आरंभीची बोली याखाली ठेवायची असेल तर ती केवळ अनेक गिऱ्हाईक असलेल्या मालासाठीच ठेवावी. एकाही बोलीशिवाय लॉट परत आला तर लगेच किंमत उतरवून तो पुन्हा टाकू नये. तीच वस्तू दर आठवड्याला उतरत्या किमतीत दिसू लागली की लक्ष ठेवणारे आणखी थांबतात.

पाचवी पायरी : लिलाव संपण्याची वेळ गिऱ्हाइकाच्या घड्याळावर ठरवावी

ईबेवर लिलाव ज्या वेळी सुरू होतो त्याच वेळी, ठरलेल्या दिवसांनंतर, संपतो. आपल्याकडचे बरेच विक्रेते रात्री जेवणे झाल्यावर लॉट चढवतात. तेव्हा अमेरिकेत कामाची सकाळ असते, आणि तिथला बोलीदार शेवटच्या मिनिटाला पडद्यासमोर नसतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे जातात. त्यानंतर आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसात वाजता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारचे संध्याकाळचे सहा आणि पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजलेले असतात. म्हणजे सोमवारी सकाळी साडेसातला सात दिवसांचा लिलाव सुरू केला की तो नेमका तिथल्या रविवारी संध्याकाळी संपतो. ब्रिटनचा गिऱ्हाईक मुख्य असेल तर तिथले रविवारचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडची रात्रीची दीड; त्यासाठी लॉट आधीच तयार ठेवून ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होण्याची सोय वापरावी.

दिवाळीत किंवा गावच्या जत्रेला चार दिवस घर बंद राहणार असेल, तर त्या दिवसांत संपणारा लिलाव लावू नये. ईबेवर सुट्टी नोंदवण्याची सोय आहे, पण बोली जिंकलेल्या माणसाला चार दिवस उत्तर न मिळणे हे चांगल्या विक्रेत्याचे लक्षण नव्हे.

ग्रुपवरच्या देशी लिलावाचा शेवट रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान असावा, आणि लक्ष्मीपूजन, भाऊबीज हे दिवस टाळावेत.

सहावी पायरी : ग्रुपचे नियम मंदीतच घट्ट करावेत

व्हॉट्सॲपवरचा लिलाव विश्वासावर चालतो, आणि तो विश्वास मंदीतच पणाला लागतो. बोली पडत नाही असे पाहून मेव्हण्याला किंवा मित्राला एक बोली लावायला सांगण्याचा मोह फार मोठा असतो. हे करू नये. ईबेवर ते नियमाने निषिद्ध आहे आणि खाते बंद होऊ शकते. ग्रुपवर नियम लिहिलेला नसला तरी ती सरळ फसवणूक आहे. बेळगावात खडे बाजारापासून टिळकवाडीपर्यंत संग्राहक एकमेकांना ओळखतात. कोणाचा नंबर कोणाचा हे एका बैठकीत उघड होते, आणि एकदा नाव गेले की पुढच्या हंगामातही बोली येत नाही.

प्रत्येक लॉटखाली आरंभीची किंमत, बोलीची किमान वाढ, बंद होण्याची वेळ, पैसे देण्याची मुदत आणि टपालखर्च कोणाचा, एवढे स्पष्ट लिहावे. बंद होण्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी दोन मिनिटे वाढेल, असा नियम ठेवल्यास नेटवर्कवरून होणारे वाद मिटतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गिऱ्हाइकाला याची विशेष गरज असते. वर्णन मराठीबरोबर कन्नडमध्येही द्यावे. हुबळी-धारवाडचे अनेक जाणते संग्राहक केवळ भाषेमुळे आपल्या ग्रुपांकडे वळत नाहीत, आणि ज्या काळात दुसरा बोलीदार हवा असतो त्या काळात चार ओळी कन्नड लिहून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. यंत्राने केलेले भाषांतर तसेच टाकू नये. ते कन्नड चांगले येणाऱ्या शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे.

हरलेल्या बोलीदारांची नोंद ठेवावी. लॉट कोणाला गेला हे सगळेच लिहितात. कोण कोणत्या किमतीपर्यंत येऊन थांबला, हे फारसे कोणी लिहीत नाही. मंदीत तीच वही उपयोगी पडते. तशीच दुसरी वस्तू हाती असेल तर लिलाव न लावता त्या माणसाला त्याने थांबलेल्या किमतीला विचारावे. ईबेवर यासाठी सेकंड चान्स ऑफर ही अधिकृत सोय आहे, तीच वापरावी; तिथल्या गिऱ्हाइकाशी बाहेर व्यवहार करणे नियमबाह्य आहे.

सीमा ओलांडून विकताना कराचे भान ठेवावे लागते. निपाणीच्या विक्रेत्याला कागलचा गिऱ्हाईक बेळगावच्या गिऱ्हाइकापेक्षा जवळचा आहे, पण तो दुसऱ्या राज्यात आहे. करपात्र मालाची आंतरराज्य विक्री करणाऱ्याला, उलाढाल लहान असली तरी, सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना यातून सवलत आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन मंचावर नोंदणीशिवाय विकण्याची जी मुभा लहान विक्रेत्यांना मिळाली, ती राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे. हंगामाआधी कर सल्लागाराकडे एकदा जाऊन आपला माल कोणत्या सदरात बसतो हे ठरवून घ्यावे.

सातवी पायरी : मंदीचा काळ खरेदीसाठी वापरावा

ज्या आठवड्यांत आपली विक्री थांबते, त्याच आठवड्यांत घराघरांत दिवाळीची साफसफाई चालू असते. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. पत्रांचे गठ्ठे, जुनी मासिके, पेनांचे डबे रद्दीवाल्याकडे जातात. शहापूर, वडगाव, कॅम्प भागांतल्या रद्दीच्या दुकानांत नवरात्रापासून दिवाळीपर्यंत जो माल येतो, तो वर्षभरात पुन्हा येत नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या विक्रीतला काही पैसा या खरेदीसाठी बाजूला राखून ठेवावा. हातात रोकड नसताना दुकानात गठ्ठा आला आणि तो लगद्याच्या गाडीत गेला, याची हळहळ फार दिवस टिकते. इतर विक्रेत्यांचे लॉटही या काळात स्वस्तात जातात. दुसरा बोलीदार नसण्याचा फायदा खरेदी करणाऱ्याला होतो.

खरेदी करताना विकणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. देवळातल्या मूर्ती, देव्हाऱ्यातले टाक, ताम्रपट अशा वस्तूंच्या वाटेला जाऊ नये. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुन्या ऐतिहासिक वस्तू, आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन वा कलात्मक मूल्य असलेले किमान पंचाहत्तर वर्षे जुने दस्तऐवज, पुरावशेष ठरतात. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि देशात त्यांचा व्यापार करायलाही परवाना लागतो. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात झाले. त्या अधिवेशनाचा एखादा छापील कागद कोणाच्या ट्रंकेत सापडला, तर तो ईबेवर चढवण्याचा विचारही करू नये. एखाद्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला दाखवावा. वयाबद्दल शंका असलेली वस्तू परदेशी पाठवण्याआधी, ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावे. नाणी आणि नोटा आंतरराष्ट्रीय टपालाने पाठवण्यावरही निर्बंध आहेत, त्यामुळे नाण्यांचा व्यवहार देशातच ठेवलेला बरा.

आठवी पायरी : छायाचित्रे आणि बांधणी सुधारावी

रिकाम्या दिवसांत जुन्या लॉटांची छायाचित्रे नव्याने काढावीत. ईबेवर एका लॉटला २४ छायाचित्रे देता येतात. पाकीट असेल तर पुढची बाजू, मागची बाजू, शिक्का जवळून, तिकिटाच्या दातऱ्या, आणि जिथे घडी, डाग किंवा कसर लागली आहे ती जागा, एवढी तरी हवीतच. पावसाळ्यानंतरचे सकाळचे ऊन खिडकीतून थेट न पडता भिंतीवरून परतून येते तेव्हा शाईचा रंग खरा दिसतो. ट्यूबलाइटखाली लाल शिक्का विटकरी दिसतो आणि मग गिऱ्हाइकाची तक्रार येते.

बांधणीत सणाची घाई करू नये. पाकीट किंवा लेबल आधी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, मग ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवावे. पुठ्ठे वस्तूपेक्षा बोटभर मोठे हवेत, आणि दोन्हींच्या रेषा एकमेकींना काटकोनात ठेवल्या तर ते वाकत नाहीत. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावावी, पिशवीला नव्हे, म्हणजे उघडताना वस्तू फाटत नाही. पश्चिमेकडच्या पावसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी दिवाळीपर्यंत कागदी मालासोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. खानापुरी मातीच्या भांड्याला एका खोक्यात दुसरे खोके लागते, दोन्हींमध्ये सर्व बाजूंनी भरण हवे, आणि भांड्याच्या पोकळीतही कागद ठासून भरावा. भांडी बहुधा आतल्या रिकाम्या जागेमुळेच फुटतात.

परदेशी विक्रीसाठी आयात-निर्यात कोड आवश्यक आहे आणि त्यावरची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अद्ययावत करावी लागते. हे राहून गेले असेल तर ऐन हंगामात पार्सल अडते. टपाल खात्याच्या डाक घर निर्यात केंद्रांतून कागदपत्रे ऑनलाइन भरून पार्सल देता येते. आपल्या तालुक्याला जवळचे केंद्र कोणते आणि तिथे पार्सल किती वाजेपर्यंत घेतात, याची चौकशी सप्टेंबरमध्येच करून ठेवावी.

शेवटची पायरी : जानेवारीतली मांडणी

मागे ठेवलेला चांगला माल एकदम बाहेर काढू नये. डिसेंबरच्या अखेरीस अनेक गिऱ्हाईक असलेल्या मालाचे लिलाव वाढवावेत आणि त्यांच्यावर किती वेगवेगळे लोक बोली लावतात ते पाहावे. एका लॉटवर तीन-चार वेगळे बोलीदार दिसू लागले की दुर्मीळ मालातली एक वस्तू ठरलेल्या किमतीतून काढून लिलावात टाकावी, आणि तिची खबर वहीतल्या हरलेल्या बोलीदारांना द्यावी. तिला किमान दोघांची खरी चुरस मिळाली तर पुढच्या आठवड्यात दुसरी; नाही मिळाली तर उरलेला माल उसाची बिले जमा होईपर्यंत ठरलेल्या किमतीतच राहू द्यावा. याच आठवड्यांत सणात गेलेल्या पार्सलांचा माग तपासावा, न पोहोचलेल्यांची टपाल खात्याकडे तक्रार नोंदवावी, आणि गिऱ्हाइकाने विचारण्याआधी त्याला आपणहून कळवावे.